युरोपचा कार्बन आता घरात शिरतोय: भार कुणावर, आणि तो मोजायचा कसा?

‘युरोपियन युनियनच्या पर्यावरण धोरणावर पीएचडी करायची आहे, विषय सुचवा’ असे मेसेज मला अधूनमधून येतात. हे म्हणजे ‘शेतीवर संशोधन करायचंय’ म्हणण्यासारखं झालं. शेती कुठली, कोरडवाहू की बागायती, आणि नेमकं काय विचारायचंय? म्हणून आज या धोरणाचा एकच धागा घेते आणि त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा निघतो ते बघू. हा धागा मुद्दाम निवडलाय, कारण पुढच्या दहा वर्षांत युरोपचं हरित धोरण टिकणार की फसणार हे बरंचसं इथे ठरणार आहे, असं माझं मत आहे.

आधी मोठं चित्र, पण भरभर. डिसेंबर २०१९ मध्ये युरोपियन कमिशनने ‘ग्रीन डील’ मांडलं. २०२१ च्या हवामान कायद्याने दोन उद्दिष्टं पक्की केली: १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत निव्वळ हरितगृह वायू उत्सर्जन ५५ टक्क्यांनी कमी आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य. या दोन तारखांच्या मधल्या टप्प्यावर, म्हणजे २०४० साठी, बरीच भांडाभांडी झाली आणि डिसेंबर २०२५ मध्ये ९० टक्क्यांवर तडजोड झाली. त्यातले पाच टक्के अंशांपर्यंत २०३६ पासून युनियनबाहेरच्या देशांतून क्रेडिट घेऊन भरता येतील, अशी पळवाट (समर्थक तिला लवचिकता म्हणतात) त्यात ठेवली आहे. याशिवाय निसर्ग पुनर्स्थापनेचा २०२४ चा कायदा आहे, शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टर मोर्चांनंतर मागे घेतलेला कीटकनाशकांचा प्रस्ताव आहे, उद्योगांसाठीचं ‘क्लीन इंडस्ट्रियल डील’ आहे. त्यातल्या प्रत्येकावर एकेक प्रबंध होईल. आज ते बाजूला ठेवू.

आता एक साधी बेरीज-वजाबाकी करा. २०२३ पर्यंत युनियनचं उत्सर्जन १९९० पेक्षा साधारण ३७ टक्क्यांनी कमी झालं होतं. म्हणजे ३३ वर्षांत ३७. आता १७ वर्षांत आणखी ५३. तेसुद्धा सोपा भाग आधीच उरकून झालेला असताना.

सोपा भाग म्हणजे मुख्यतः वीज. वीज केंद्रं मोजकी असतात, त्यांची धुरांडी मोजता येतात, मालकांना नोटीस धाडता येते. २००५ मध्ये सुरू झालेली उत्सर्जन व्यापार योजना, म्हणजे ईटीएस, याच जोरावर चालली. एकूण उत्सर्जनाला वरची मर्यादा घालायची, तेवढेच परवाने काढायचे, आणि ज्याला जास्त लागतील त्याने बाजारातून विकत घ्यायचे. सुरुवातीला परवाने इतके जास्त वाटले गेले की २००७ मध्ये त्यांची किंमत जवळजवळ शून्यावर आली. पुढे २००८ च्या मंदीनंतर पुन्हा तोच प्रकार झाला. नियम घट्ट केल्यावर २०२३ च्या फेब्रुवारीत हीच किंमत टनाला १०० युरोंना शिवली. या योजनेखालच्या वीज आणि उद्योग क्षेत्राचं उत्सर्जन २००५ च्या जवळपास निम्म्यावर आलं आहे. वाहतुकीचं उत्सर्जन मात्र आजही १९९० पेक्षा जास्तच आहे. घरं गरम ठेवण्यासाठी जळणारा गॅस, तेल आणि कोळसा कमी झालाय, पण पुरेसा नाही.

म्हणून ईटीएस-२. २०२३ मध्ये मंजूर झालेली ही दुसरी योजना इमारतींचं हीटिंग, रस्ते वाहतूक आणि लहान उद्योगांच्या इंधनाला लागू होते. ती २०२७ मध्ये सुरू व्हायची होती. पोलंड, चेकिया वगैरे देशांच्या दबावाखाली २०२८ वर ढकलली गेली. परवाने घ्यायचे ते इंधन पुरवणाऱ्या कंपन्यांनी. तुमच्या-आमच्या दारात कुणी मीटर घेऊन येणार नाही. पण कंपनी तो खर्च दरात घालणारच, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

किती घालेल? हे गणित प्रत्येकाने एकदा हाताने करावं, कारण त्यानंतरच बातम्यांमधले आकडे कळायला लागतात. कायद्यात टनाला ४५ युरो (२०२० च्या किमतींनुसार) ही एक खूणगाठ आहे. किंमत त्यावर टिकून राहिली तर राखीव साठ्यातून जादा परवाने बाजारात सोडायचे असं ठरलंय. ही कमाल मर्यादा नाही, हे लक्षात ठेवा. पुष्कळ लेखांत ती तशी छापून येते. तर ४५ युरो धरू. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे लिटरमागे साधारण १० सेंट. पन्नास लिटरची टाकी भरली तर पाच युरो. चिडचिड होईल, पण कंबरडं मोडणार नाही. आता घराकडे या. नैसर्गिक गॅसच्या एका युनिटमागे (किलोवॅट-तास) सुमारे ०.२ किलो. वर्षाला १५,००० युनिट वापरणारं घर तीन टन सोडतं, म्हणजे १३५ युरो. आणि पोलंडमधलं एखादं जुनं घर, जिथे हिवाळ्यात तीन टन दगडी कोळसा जळतो? टनाला सव्वादोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला तर बिल ३०० युरोंच्या घरात जातं. सगळ्या युनियनमध्ये किंमत एकच, आणि पगार एकसारखे नाहीत.

इथे एक बारकावा आहे जो नवख्या संशोधकाच्या हातून हमखास निसटतो. ४५ युरो हा भार सगळ्यांसाठी नवा नाही. जर्मनीत २०२१ पासून अशाच इंधनांवर राष्ट्रीय कार्बन किंमत आहे. २५ युरोंपासून सुरू होऊन २०२५ मध्ये ती ५५ वर पोचली. स्वीडनने तर १९९१ मध्येच कार्बन कर लावला. तिथल्या कुटुंबाला ईटीएस-२ आल्याचं कदाचित कळणारही नाही. ज्या देशात अशी किंमत कधी नव्हतीच, तिथे मात्र सगळा भार एकदम येतो. म्हणजे तुमच्या अभ्यासात ‘आधी काय होतं’ हे देशागणिक वेगळं मांडावं लागेल. युनियनच्या सरासरीवर काढलेला निष्कर्ष अशा वेळी कुठल्याच देशाला नीट लागू पडत नाही.

आणि हे सगळं राजकारणात कसं उलटतं त्याचा धडा फ्रान्सने दिलाय. २०१८ मध्ये तिथला कार्बन कर टनाला ४४.६ युरो होता, पुढच्या वर्षी ५५ होणार होता. नोव्हेंबरात पिवळी जॅकेटं घातलेले लोक चौकाचौकांत उतरले आणि कर आहे तिथेच गोठवला गेला. दूएन आणि फाब्र या दोन अर्थतज्ज्ञांनी पुढे सर्वेक्षण करून एक गोष्ट दाखवली: कराचा पैसा सगळ्यांना समान वाटून परत दिला तर बहुसंख्य कुटुंबांचा फायदाच होता, तरी बहुसंख्य लोकांना आपण तोट्यात जाऊ असंच वाटत होतं. ऑस्ट्रियाने २०२२ पासून असा परतावा खरोखरच खात्यात जमा करून बघितला, पण २०२५ मध्ये तिजोरी आवळताना तो बंद केला. कर राहिला, परतावा गेला. लोकांचा अविश्वास अगदीच निराधार होता असं मला तरी म्हणवत नाही.

या अनुभवांवरून युनियनने ‘सोशल क्लायमेट फंड’ काढला. २०२६ ते २०३२ या काळात ईटीएस-२ च्या लिलावातून ६५ अब्ज युरोंपर्यंत, आणि त्यात देशांचा स्वतःचा २५ टक्के वाटा धरून एकूण सुमारे ८६.७ अब्ज. सर्वात मोठा हिस्सा, १७.६ टक्के, पोलंडचा. या पैशातून घरांचं इन्सुलेशन, हीट पंप, सार्वजनिक वाहतूक असा खर्च करायचा. थेट रोख मदत जास्तीत जास्त ३७.५ टक्के आणि तीही तात्पुरती. मदत कुणाला? ऊर्जादारिद्र्यात असलेल्या आणि अशा इतर असुरक्षित कुटुंबांना.

इथे थांबा, कारण तुमचा प्रश्न इथे आहे. ऊर्जादारिद्र्यात नेमकं कोण?

ही कल्पना तशी जुनी. ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मध्ये ब्रिटनसाठी १० टक्क्यांचा निकष प्रसिद्ध केला: घर पुरेसं उबदार ठेवायला उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त खर्च येत असेल तर ते कुटुंब इंधनगरीब. युरोपात आज साधारण तीन मोजपट्ट्या सतत भेटतात. पहिली सरळ विचारते, ‘घर पुरेसं उबदार ठेवणं तुम्हाला परवडतं का?’ २०२३ मध्ये युनियनमध्ये १०.६ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. सर्वात वर कोण होतं? स्पेन आणि पोर्तुगाल, दोघंही २०.८ टक्के, बल्गेरिया अगदी मागोमाग. फिनलंड नाही, स्वीडन नाही. कडाक्याच्या थंडीच्या देशांत भिंती जाड आणि हीटिंग पक्कं असतं; इबेरियातल्या घरांत सौम्य हिवाळ्याच्या भरवशावर ते केलेलंच नसतं.

दुसरी मोजपट्टी खर्चाची: उत्पन्नातला ऊर्जेचा वाटा देशाच्या मध्यकाच्या, म्हणजे मीडियनच्या, दुपटीहून जास्त असेल तर ते कुटुंब ऊर्जागरीब. तिसरी बरोबर उलटी: ऊर्जेवरचा खर्च मध्यकाच्या निम्म्याहूनही कमी असेल तर ‘लपलेलं’ ऊर्जादारिद्र्य, कारण एवढा कमी खर्च म्हणजे लोक थंडीत कुडकुडत बसले असणार.

आता तीन घरं डोळ्यांसमोर आणा. एक एकटी आजी हिवाळाभर एकच खोली गरम करते आणि उरलेल्या घराला कुलूप. तिचं बिल इतकं लहान की दुसऱ्या मोजपट्टीत ती सापडतच नाही; तिसरीत सापडते. मोठ्या जुन्या बंगल्यात राहणारं बऱ्या स्थितीतलं निवृत्त जोडपं दुसऱ्या मोजपट्टीत ऊर्जागरीब ठरू शकतं. आणि नव्या, उत्तम इन्सुलेशन केलेल्या घरातलं श्रीमंत कुटुंब, ज्याचं बिल नगण्य आहे, ते तिसरीत ‘लपलेलं गरीब’ म्हणून नोंदलं जातं! पहिल्या मोजपट्टीतही घोळ आहेच. आयुष्यभर अंगात दोन स्वेटर घालून बसण्याची सवय झालेली आजी ‘परवडतं की’ असंच सांगेल. २०२३ च्या ऊर्जा कार्यक्षमता निर्देशात युनियनने ऊर्जादारिद्र्याची पहिली सामाईक व्याख्या दिली खरी, पण ती शब्दांत आहे. आकड्यात ती कशी उतरवायची हे बरंचसं देशांवर सोडलंय. पट्टी बदलली की यादी बदलते, आणि यादी बदलली की आजीच्या घराला इन्सुलेशन मिळतं किंवा मिळत नाही.

‘कार्बन किंमत गरिबांना जास्त बोचते का?’ हा प्रश्नही आता जरा वेगळा दिसायला लागेल. हीटिंगच्या बाबतीत उत्तर बहुतेक अभ्यासांत ‘हो’ असं येतं. पेट्रोलच्या बाबतीत ते डळमळीत आहे, कारण कमी उत्पन्नाच्या देशांत गाडीच मुळात वरच्या वर्गाकडे जास्त असते. शिवाय एकाच उत्पन्नगटातल्या दोन कुटुंबांमधला फरक (शहरात ट्रामने जाणारं आणि खेड्यातून रोज ४० किलोमीटर गाडी हाकणारं) हा गरीब-श्रीमंतांच्या सरासरीतल्या फरकापेक्षा मोठा निघू शकतो. नुसते दहा उत्पन्नगट करून सरासरीचा आलेख काढलात तर तो फरक गायब होतो. परीक्षकाने विचारायच्या आत स्वतःलाच विचारून ठेवा.

डेटाबद्दल थोडं. उबदार घराचा प्रश्न उत्पन्न आणि राहणीमानाच्या सर्वेक्षणात आहे, त्याला ईयू-सिल्क म्हणतात. ऊर्जेवरचा तपशीलवार खर्च आहे तो कौटुंबिक खर्चाच्या सर्वेक्षणात, जे साधारण पाच वर्षांनी होतं. दोन्हीतली कुटुंबं वेगळी. म्हणजे ‘ज्याचा खर्च कमी आहे तोच कुडकुडतोय का’ हे सरळ जोडून बघता येत नाही. सांख्यिकी पद्धतीने जुळवणी करावी लागते, आणि तिची गृहीतकं प्रबंधात उघड मांडावी लागतात. त्यात २०२० ची फेरी म्हणजे करोनाचं वर्ष. त्या वर्षीचा पेट्रोलखर्च नेहमीसारखा होता असं मानून चालणार नाही. कुटुंबनिहाय माहितीसाठी तुमच्या संस्थेला युरोस्टॅटकडे आधी मान्यता घ्यावी लागते, म्हणून गाईडशी हे बोलणं पहिल्याच सत्रात करा. गोषवारा तक्ते मात्र कुणालाही फुकट उतरवता येतात. हात साफ करायला आपल्याकडचं २०२२-२३ चं कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षण चांगलं आहे. गॅस सिलिंडर, सरपण आणि विजेच्या खर्चावर दुसरी-तिसरी मोजपट्टी लावून बघा, निकष किती लवकर कोलमडतात ते कळेल.

मला स्वतःला यातलं सर्वात रिकामं शेत भाडेकरूंचं वाटतं. जर्मनीत निम्म्याहून जास्त कुटुंबं भाड्याने राहतात. बॉयलर बदलायचा अधिकार घरमालकाचा, गॅसचं बिल भाडेकरूचं. मग कार्बन किंमत कितीही वाढवा, बॉयलर बदलणार कोण? जर्मनीने २०२३ पासून हा कार्बन खर्च दोघांत वाटायचा कायदा केला. त्यात दहा पायऱ्या आहेत: घर जितकं खराब तितका मालकाचा वाटा जास्त, सर्वात वाईट घरांत ९५ टक्के. कागदावर फार सुबक. पण बिल मागवून हिशोब करून मालकाकडे पैसे मागायची हिंमत किती भाडेकरू करतात, आणि मालक ते पुढच्या वर्षीच्या भाड्यात वळते करतो का, हे पायऱ्यांच्या तक्त्यात दिसत नाही. या वाटेने जायचं असेल तर युरोस्टॅटच्या तक्त्यात आधी घर उबदार न ठेवता येणाऱ्यांची आकडेवारी काढा, देश जर्मनी निवडा आणि २०२१ पासूनची वर्षं एकाखाली एक लावा.