राजवाड्यातली इंग्रजी पहिली

साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलच्या जुन्या प्रवेशनोंदवहीत १९१४ या क्रमांकापुढे एक नाव आहे : भिवा रामजी आंबेडकर, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब. तारीख ७ नोव्हेंबर १९००, वर्ग इंग्रजी पहिली. मुलाचे वय नऊ वर्षे. नावापुढे त्याची बालवयातली सहीही आहे. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळींवर त्याच वर्गात, त्याच काळात दाखल झालेली पोरे आहेत. ती पुढे कोण झाली, हे कुणी विचारत नाही. शाळा पाहायला येणारा प्रत्येकजण १९१४ वर बोट ठेवतो आणि वही मिटते. खरे तर ही शाळा समजून घ्यायची तर तो अख्खा वर्ग डोळ्यांसमोर आणायला हवा. मुले कशी बसत, पाणी कुठे पीत, मधल्या सुट्टीत काय खात, हे पाहायला हवे.

आधी जागा. शहराच्या मध्यावर राजवाडा चौक आहे. एसटीची वर्दळ, कंदी पेढ्यांची दुकाने, संध्याकाळी गांधी मैदानावर लागणाऱ्या चौपाटीच्या गाड्या आणि या सगळ्यावर नजर ठेवून बसलेला अजिंक्यतारा किल्ला. इथला जुना राजवाडा १८२४ च्या सुमाराचा, छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीतला. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी ज्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडले, ते हे प्रतापसिंह. शिक्षणाची त्यांना हौस होती. राजघराण्यातल्या मुलींना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी इथे शाळा भरत असे, असे शाळेचा इतिहास सांगतो. १८४८ मध्ये संस्थान खालसा झाले आणि पुढे राजाच्या वाड्यात सरकारचे हायस्कूल आले. प्रतापसिंहांचे नाव शाळेला मिळाले ते स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये. आज ती जिल्हा परिषदेची शाळा आहे.

वाडा राजाचा, शाळा सरकारची, म्हणून दार सगळ्यांना उघडे असेल असे वाटते. कागदावर ते उघडे होतेही. त्यामागे एक जुनी लढाई आहे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारने हात झटकले, पण प्रकरण कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारपर्यंत गेले आणि १८५८ मध्ये सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे धोरण जाहीर झाले. धारवाडच्या त्या मुलाचा पुतळा कुठे नाही. साताऱ्याच्या वहीत १९१४ क्रमांकाची ओळ लिहिली गेली, तिच्यामागे त्याचा अर्ज आहे.

धोरणाने मुलगा दारातून आत आला. आत कुठे बसायचे, हे धोरणात लिहिलेले नव्हते.

भिवाचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेतले शिक्षक. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीत राहिले, तिथून साताऱ्याला कॅम्पात आले. इथेच १८९६ मध्ये भिवाची आई भीमाबाई गेल्या. त्यांची समाधी साताऱ्यातच आहे. रामजींना खटाव तालुक्यात तलावाच्या दुष्काळी कामावर खजिनदाराची नोकरी लागली आणि मुले साताऱ्यात आत्याजवळ राहिली. आत्या आजारी असायची. स्वयंपाक पोरांनीच करायचा. भाकऱ्या काही जमायच्या नाहीत, म्हणून सोपा पडतो तो पुलाव करून खायचे, असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. अशा घरातून हा मुलगा कॅम्पातून राजवाड्यापर्यंत यायचा. काखेत दप्तर आणि गोणपाटाचा एक तुकडा.

तो तुकडा म्हणजे त्याची बसण्याची जागा. त्या काळी वर्गात नंबराप्रमाणे बसवत. हुशार पुढे, ढ मागे. परीक्षेगणिक जागा बदलायची. या मुलाला ही चुरसच नव्हती. नंबर कितवाही येवो, जागा एकच : कोपऱ्यात, एकट्याने, स्वतःच्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावणार नाही, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. अस्पृश्यतेच्या एवढ्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात, पण शाळामास्तरांच्या लेखी गुणांची किंमत काय होती, हे या एका तपशिलाने जेवढे कळते तेवढे दुसऱ्या कशाने कळत नाही. ज्या वर्गात नंबर हेच सर्वस्व, तिथे एका मुलाचा नंबर बसण्यापुरता रद्द होता.

दुसरा तपशील नळाचा. बाकीच्या मुलांनी तहान लागली की मास्तरांना विचारायचे, नळ सोडायचा, पाणी प्यायचे. याने नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी. शिपाई जागेवर नसला तर तहानलेलेच राहायचे. साताऱ्याला त्या काळी कासच्या तलावाचे पाणी येत असे. डोंगरातून पंचवीसेक किलोमीटर, उघड्या पाटाने, नुसत्या उताराच्या जोरावर. इंजिनिअरांनी पाणी डोंगर ओलांडून गावात आणले होते. नळापासून एका मुलाच्या ओंजळीपर्यंतचे अंतर मात्र शिपायाच्या मर्जीवर होते.

केसांचीही तीच तऱ्हा. गावातला न्हावी या मुलांची हजामत करत नसे. बहिणीने कात्री चालवून चालवून हात बसवला होता.

मात्र हा वर्ग सरसकट काळा रंगवून चालत नाही. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत या शाळेतल्या दोन शिक्षकांची नावे प्रेमाने घेतली आहेत. एकदा धो धो पावसात पोराने हट्टाने भिजत शाळा गाठली. पेंडसे नावाच्या शिक्षकांनी त्याला आपल्या मुलाबरोबर स्वतःच्या घरी पाठवले, गरम पाण्याने आंघोळ घालायला लावली आणि नेसायला लंगोटी दिली. लंगोटीवर वर्गात बसायची लाज वाटली म्हणून मुलगा रडकुंडीला आला, पण मास्तरांनी वर्गात बसवलेच. दुसरे शिक्षक आंबेडकर आडनावाचे. मधल्या सुट्टीत मुलगा जेवायला घरी पळतो, हे त्यांना पसंत नव्हते; ते आपल्या शिदोरीतली भाकरी-भाजी त्याला देत. पुढे हाच विद्यार्थी गोलमेज परिषदेला निघाला तेव्हा या वृद्ध शिक्षकांनी त्याला पत्र लिहिले आणि त्याने ते जपून ठेवले. या मास्तरांनीच मुलाला आपले आडनाव दिले, अशी लोकप्रिय कथा आहे. अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत आणि वहीत तर प्रवेशाच्या दिवशीच 'आंबेडकर' लिहिलेले दिसते. माझ्या मते भाकरीची गोष्ट आडनावाच्या गोष्टीपेक्षा मोठी आहे.

१९०१ च्या उन्हाळी सुट्टीतला मसूर स्टेशनचा प्रसंग अनेकांनी वाचलेला असतो. वडिलांकडे निघालेली पोरे, जरीकाठी टोप्या, रेशीमकाठी धोतरे, नवे सदरे. 'आम्ही महार' हे उत्तर ऐकताच चेहरा उतरलेला स्टेशनमास्तर. दुप्पट भाडे देऊनही मुलांनीच हाकलेली बैलगाडी आणि रात्रभर न मिळालेले पाणी. तो धक्का मोठा होता. पण अपमानाचा धडा त्या पोरांना शाळेत आधीच मिळाला होता आणि तोही रोज, हजेरीबरोबर. १९०४ मध्ये कुटुंब मुंबईला गेले, मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये दाखल झाला आणि तिथून १९०७ मध्ये मॅट्रिक झाला. साताऱ्याचा वाटा इंग्रजी शिक्षणाच्या पहिल्या वर्षांपुरता. पाया मात्र इथलाच.

याच गावाने पुढच्या काळात काय केले, तेही सांगायला हवे. नाहीतर साताऱ्यावर अन्याय होईल. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे मराठा, महार, मुसलमान, जैन अशी सगळी पोरे एका पंगतीला जेवत आणि स्वतः राबून शिकत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. १९४० मध्ये त्यांच्याच रयत शिक्षण संस्थेने साताऱ्यातच महाराजा सयाजीराव हायस्कूल काढले. राजवाड्याच्या शाळेत कोपऱ्यातला गोणपाट आणि त्याच गावात पाव शतकात एकत्र पंगत. सातारा पाहायला येणाऱ्याने या दोन्ही जागा एकाच दिवशी पाहाव्यात. फक्त पहिली पाहिली तर चीड येते, फक्त दुसरी पाहिली तर उगाच समाधान.

भिवाच्या शाळाप्रवेशाचा दिवस साताऱ्यातले कार्यकर्ते कितीतरी वर्षे साजरा करत होते. त्यांच्या पाठपुराव्याला यश आले आणि २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून राज्यभर पाळण्याचे जाहीर केले. बहुतेक ठिकाणी भाषणे, निबंधस्पर्धा, हार असे त्याचे स्वरूप असते. त्याला हरकत नाही. पण या शाळेची खरी काळजी वेगळी आहे. जिल्हा परिषदेची मराठी शाळा, भोवती खासगी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांचा गराडा. अशा शाळांना मुले मिळवताना काय यातायात करावी लागते, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. इथे नुसते स्मारक करणे सोपे आहे. वर्ग भरता ठेवणे अवघड आहे आणि तेच करायला हवे. प्रवेशनोंदवहीत नवे नाव चढत राहिले तरच १९१४ क्रमांकाला अर्थ राहील.

पुण्याहून सातारा सुमारे ११० किलोमीटर. महामार्गाने अडीच-तीन तास. रेल्वे स्टेशन गावापासून काही किलोमीटर दूर माहुलीच्या बाजूला आहे, म्हणून एसटी सोयीची. शाळा चालू असते हे ध्यानात ठेवून मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्यावी आणि तास चालू असताना वर्गात डोकावू नये. आणि निघण्याआधी बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटेखानी आत्मकथन वाचावे. बसल्या बैठकीत संपते. त्याचे पहिलेच प्रकरण साताऱ्याच्या या दिवसांवर आहे.