सूक्ष्मनियंत्रकाचे दोषशोधन : बाह्य उपकरणाची जोडणी

वीजमापक, वैद्यकीय उपकरणे आणि वाहने यांचे कार्य मायक्रोकंट्रोलर म्हणजेच सूक्ष्मनियंत्रकावर अवलंबून असते. त्यातील आज्ञावली मध्येच अडली, तर चूक कोठे झाली हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी डेव्हलपमेंट बोर्डाला ‘डीबगर’ हे दोषशोधक उपकरण जोडले जाते. त्याच्या साहाय्याने आज्ञावली हव्या त्या ठिकाणी थांबविता येते, एकेक आज्ञा चालविता येते आणि स्मृतीतील मूल्ये वाचता येतात.

या जोडणीचे सर्वपरिचित मानक म्हणजे ‘जेटॅग’. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या जॉइंट टेस्ट अ‍ॅक्शन ग्रुपच्या कार्यातून ते आकारास आले व १९९० मध्ये ‘आयईईई ११४९.१’ म्हणून स्वीकारले गेले. मूळ हेतू मुद्रित मंडलावरील जोडण्या तपासण्याचा होता; दोषशोधनाचा उपयोग पुढे रूढ झाला. यात टीसीके, टीएमएस, टीडीआय आणि टीडीओ हे चार संकेत आवश्यक असतात. ‘आर्म’ कंपनीच्या ‘एसडब्ल्यूडी’ पद्धतीत दोनच संकेततारा पुरतात.

जोडणी करताना प्रथम दोन्ही उपकरणांची भूतार एक करावी लागते. त्यानंतर संकेतांचा व्होल्टेज जुळतो का, हे पाहावे लागते; ३.३ व्होल्टच्या बोर्डास ५ व्होल्टचे संकेत दिल्यास चिप निकामी होऊ शकते. डीबगरवरील संदर्भ-व्होल्टेजची तार बहुधा केवळ मापनासाठी असते. म्हणून बोर्डाला स्वतंत्र वीजपुरवठा द्यावा लागतो. जेटॅगमधील टीडीआय टीडीआयलाच व टीडीओ टीडीओलाच जोडतात. अनुक्रमी दळणवळणाप्रमाणे येथे तारांची अदलाबदल नसते. बोर्डावर अंगभूत डीबगर असल्यास तो आधी विलग करावा. तारा आखूड व आरंभीचा वेग कमी ठेवल्यास चिपचा ओळखक्रमांक अचूक वाचता येतो. तो मिळाला, की संपर्क प्रस्थापित झाला असे समजावे.

हेच द्वार उत्पादन बाजारात गेल्यावर उघडे राहिले, तर त्यातून आज्ञावली व गुप्त कळा चोरल्या जाऊ शकतात. म्हणून ते वेळीच बंद करणे आवश्यक ठरते.

आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे रिस्क-फाइव्ह आधारित स्वदेशी प्रक्रियक आहेत. अशा प्रक्रियकांना चालना देण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह’ कार्यक्रम जाहीर केला. मात्र केवळ चिपची रचना पुरेशी नाही. दोष शोधण्याची साधने आणि ती हाताळणारे कुशल अभियंते उपलब्ध असतील, तरच उद्योग या प्रक्रियकांवर विश्वास ठेवतील.