पाण्याची तोफ आणि फेसाचे झाकण

मंडळी, कढईतले तेल पेटले तर त्यावर पाणी ओतू नये, हे आपल्या आयाबायांना ठाऊक असते. तेल हलके, ते वर तरंगते. पाणी खाली जाते, त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते तेल चहूकडे उडवते. म्हणून कढईवर झाकण ठेवावे. हवा तुटली की आग मेली.

तेलाची मोठी टाकी पेटली, तर झाकण कोण ठेवणार? धगीने जवळ जाववत नाही. तिथे फेसाचे झाकण घालतात. ९७ भाग पाण्यात ३ भाग फेसाचे औषध मिसळतात. त्यात हवा शिरली की दाट फेस होतो. तो तेलावर पसरतो आणि हवा तोडतो.

हा फेस लांबून फेकणारी तोफ असते. तिला मॉनिटर म्हणतात. शाळेतला मॉनिटर वेगळा बरं का! ही तोफ मिनिटाला दोन-तीन हजार लिटर पाणी पन्नास-साठ मीटर लांब फेकते. एवढ्या जोराची नळी हाती धरली तर माणूस आडवा होईल. म्हणून एक तोफ जमिनीतल्या नळावर पक्की बसवतात. दुसरी चाकांवर असते. वारा फिरला की तिची जागा बदलता येते.

२०१७ च्या ऑक्टोबरात मुंबईजवळच्या बुचर बेटावर डिझेलच्या टाकीवर वीज पडली. ती आग विझवायला तीन दिवस लागले. पेटत्या टाकीवर फेस मारायचा आणि शेजारच्या टाक्या पाण्याने गार ठेवायच्या, अशी ही लढाई असते.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुठे आले डिझेलचे बेट, असे म्हणाल. पण रांजणीसारख्या ठिकाणी मळीपासून स्पिरिट आणि इथेनॉल होते. त्याची रीत आणखी निराळी. स्पिरिट पाण्यात विरघळते, म्हणून साधा फेसही ते खाऊन टाकते. त्याला खास फेस लागतो. शिवाय स्पिरिटची ज्योत भर उन्हात नीट दिसत नाही. आग दिसत नाही म्हणून पुढे जाल, तर भाजाल.

तेव्हा कारखान्यावर ऊस घेऊन जाल, तर एवढे पाळा. मॉनिटरपुढे, पाण्याच्या नळापुढे गाडी किंवा ट्रॅक्टर उभा करू नका. वाट अडली तर तोफ असून नसल्यासारखी. टाक्यांजवळ बिडी ओढू नका. आग लागलीच, तर बघायला थांबू नका. वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब जा, १०१ किंवा ११२ नंबर फिरवा आणि बंबाला वाट द्या.