रंजक, टिकली आणि फुसका बार

मराठीत न उडालेल्या बंदुकीसाठी ‘फुसका बार’ हा एकच वाक्प्रचार सर्वतोमुखी आहे. पोकळ घोषणेलाही तो लावला जातो. हा शब्दप्रयोग परिणाम सांगतो, कारण सांगत नाही. बार कोठे अडला, हा भेद मात्र जुन्या मराठीला ठाऊक होता. तो का लोपला आणि त्याची आज गरज का आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

इ. स. १७६० मध्ये उदगीर येथे मराठे व निजाम यांच्या फौजा समोरासमोर आल्या. फ्रेंच पद्धतीच्या कवायतीत तयार झालेला इब्राहीमखान गारदी या वेळी मराठ्यांच्या बाजूस होता. उदगीर व औसा हे आज लातूर जिल्ह्यातील, तर कंधार हा नांदेड जिल्ह्यातील किल्ला. या बुरुजांवर ज्या भाषेने तोफा डागल्या तिच्यात ‘तोफ’ तुर्की, ‘बंदूक’ अरबी, तर ‘दारू’ फारसी होती. त्याच शब्दसंग्रहात ‘रंजक’ हा शब्द होता. नळीतील मुख्य दारू निराळी आणि ती पेटविण्यासाठी कानाशी ठेवलेली चिमूटभर दारू, म्हणजे रंजक, निराळी. रंजक ओली झाली तर ती पेटतच नसे. कान बुजला असेल तर रंजक भडके, पण बार होत नसे. अशा प्रकारे दोन दोषांची दोन स्थाने शब्दांतच वेगळी दिसत.

एडवर्ड हॉवर्ड याने १८०० मध्ये पाऱ्याच्या फल्मिनेटचे वर्णन प्रसिद्ध केले आणि अलेक्झांडर फोरसाइथ याने १८०७ मध्ये आघाताने पेट घेणाऱ्या योजनेचे पेटंट मिळविले. त्यानंतर ठिणगीची जागा ठोक्याने घेतली. ठासणीच्या बंदुकीवर ‘केप’ आली; पुढे पोर्तुगीजमधून आलेल्या ‘काडतूस’ या नावाच्या वस्तूत ती बुडाशी बसली आणि ‘प्रायमर’ झाली. रंजकाचे काम राहिले, नाव गेले. आजच्या वाचकाला ‘रंजक’ म्हटले की केवळ मनोरंजन आठवते.

प्रायमरचे कार्य दिवाळीतील टिकलीवरून सहज उमगते. टिकली दगडावर ठेवून ठोकली तर वाजते. मऊ मातीवर ठेवली तर तोच ठोका वाया जातो. दोहोंतील रसायने निराळी असली तरी तत्त्व एकच आहे: स्फोटक द्रव्य दोन कठीण पृष्ठांमध्ये चिरडले गेले पाहिजे. प्रायमरमध्ये धातूची लहान वाटी, तिच्यात स्फोटक द्रव्य आणि त्यामागे एक छोटी ऐरण असते. फायरिंग पिन वाटीला खळगा पाडते, द्रव्य ऐरणीवर चिरडते आणि ज्वाला दारूपर्यंत पोहोचते.

वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरण्याची प्रथा काही देशांतील नेमबाजांत रूढ आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही. तथापि अशा भरणीत आढळणारे दोष विचारात घेण्याजोगे आहेत. प्रायमर खोबणीच्या तळाशी टेकला नसेल तर ठोक्याची शक्ती त्याला आत सरकविण्यातच खर्ची पडते. मातीवरच्या टिकलीची ही गत होय. असा प्रायमर कित्येकदा दुसऱ्या ठोक्याला उडतो. पिनेची स्प्रिंग मंदावली, पिनेच्या मार्गात घट्ट वंगण साचले किंवा वाटीचा धातू अधिक कठीण असला तरी ठोका हलका पडतो. याउलट खळगा पुरेसा खोल असूनही बार न झाल्यास संशय तेल वा दमटपणाने बिघडलेल्या द्रव्याकडे वळतो.

तिसरा प्रकार सर्वांत घातक आहे. ठोका बसतो, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग बार उडतो. म्हणूनच बार न झाल्यास नळीचे तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवून किमान ३० सेकंद थांबावे, असा नेमबाजीतील सर्वमान्य दंडक आहे. ‘फुसका’ हा शब्द येथे केवळ अपुरा नव्हे, तर दिशाभूल करणारा ठरतो. कारण तो ऐकणाऱ्याला धोका संपला असे सुचवितो.

‘हलका ठोका’, ‘मुका प्रायमर’ आणि ‘रेंगाळलेला बार’ असे तीन शब्द या तीन स्थितींना योजता येतील. पहिल्याने दोष यंत्रात किंवा बसवणीत शोधावा लागेल, दुसऱ्याने द्रव्यात; तिसरा हात आवरायला सांगेल. परिभाषेची कसोटी शब्दाच्या भारदस्तपणात नसून त्याने दाखविलेल्या भेदात असते. रंजक व दारू यांना वेगळी नावे देणाऱ्या मराठीला हे तत्त्व नवे नाही.