तळहात-तळपायांचा सोरायसिस

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या म्हसावदसारख्या गांवांत कष्टकऱ्याचें पोट त्याच्या हातापायांवर चालतें. ऊस तोडावयाचा, कापूस वेंचावयाचा, तर तळहात शाबूत हवेत. त्यांच्यावर जाड, लालसर, खवल्यांचे चट्टे उठून भेगांतून रक्त येऊं लागलें, म्हणजे मजुरी तर बुडतेच. शिवाय शेजारीपाजारी कुष्ठरोगाची कुजबूज सुरू करतात.

ही कुजबूज निराधार आहे. व्हिएन्नाचे वैद्य हेब्रा यांनीं १८४१ मध्यें हा रोग कुष्ठाहून निराळा ठरविला. कुष्ठाचा चट्टा बहुधा बधिर असतो. सोरायसिसचा खाजतो, दुखतो. स्पर्शानें किंवा एका ताटांत जेवल्यानें तो कोणास लागत नाहीं. निरोगी कातडी सुमारें महिन्यानें नवी होते. या रोगांत शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून चेतते, आणि तें काम चार-पांच दिवसांत उरकलें जातें. मग अपक्व कातडी थरावर थर साचते. गजकर्णहि कधीं असाच दिसतो. म्हणून आधीं खवले खरवडून तपासून घ्यावेत.

श्रोतेहो, हा रोग समूळ जात नाहीं, पण आवरतां येतो. एकदां निंदणी केल्यानें शेत कायमचें स्वच्छ राहत नाहीं, तसेंच हें आहे. हात निवळला कीं नंदुरबारची फेरी व्यर्थ वाटूं लागते, आणि घात होतो तो तेथेंच.

रोज कोमट पाण्यानें हातपाय धुवून, ते ओलसर असतांनाच पेट्रोलियम जेली चोळावी. रात्रीं सुती मोजे घालावेत. धुण्याचा सोडा टाळावा. खवले ओरबाडूं नयेत, कारण दुखावलेल्या जागीं नवा चट्टा उठतो. विडी सोडावी. स्टेरॉइडचें मलम वैद्याच्या सांगण्याप्रमाणेंच लावावें व हळूहळू कमी करावें. स्टेरॉइडच्या गोळ्या वा इंजेक्शनें परस्पर घेऊं नयेत. तीं एकाएकीं थांबलीं, तर सर्वांगावर पुवाचे फोड उठूं शकतात. मेथोट्रेक्सेटची मात्रा आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. ती रोज घेतल्यास जिवावर बेततें. तें औषध चालू असतां रक्त वेळोवेळीं तपासावें, दारू वर्ज्य करावी; गरोदर स्त्रीनें तें मुळींच घेऊं नये. सांधे सुजल्यास वैद्यास लगेच सांगावें.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनें २०१४ मध्यें या रोगाची दखल घेतली. आपल्या गांवानें रोग्यास पंक्तींत बसवून घ्यावें, इतकें तरी आपल्या हातीं आहे.