तापातली बडबड

कळंब-परंड्याकडे शांत माणूस एकाएकी बरळू लागला, घरच्यांना ओळखेना, की ‘बाहेरचं झालंय’ म्हणतात. शिकलेले ‘डोक्यावर परिणाम’ म्हणतात. दोन दिवसांपूर्वीचा ताप दोघेही विसरतात.

ओठांवर फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू क्वचित मेंदूत शिरतो, बहुधा कानशिलाच्या आतल्या भागात. स्मृती, भाषा, भावना यांचा बराच कारभार तिथलाच. म्हणून फिट येण्याआधीच भास, संशय, विचित्र वागणं दिसू शकतं. उपचाराविना मेंदूच्या या संसर्गाचे सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. असायक्लोव्हिर शिरेतून लवकर मिळालं तर बहुतेक वाचतात. म्हणूनच नुसत्या संशयावरही डॉक्टर ते सुरू करतात, पाठीतल्या पाण्याच्या अहवालासाठी थांबत नाहीत. (ते पाणी काढल्यानं माणूस लुळा पडतो, ही भीती उगाचची.)

रेबीज, जपानी मेंदूज्वर, कोविड यांतही भ्रम होतो.

मनाचा आजार सहसा आठवड्या-महिन्यांत वाढतो. तासा-दिवसांत उलटलेलं वागणं, सोबत ताप, डोकेदुखी, फिट किंवा गुंगी असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलत बसू नये. १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी आणि ताप कधी आला, कुत्रं चावलं होतं का, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगावं.