गर्दी डब्यात नाही, जिन्यावर मोजा

आमच्या तळोद्याला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर नंदुरबार गाठावं लागतं. तरीही आज मी मुंबईच्या लोकलविषयी बोलणार आहे. कारण आमच्याकडची कितीतरी मुलं पोटासाठी मुंबईत आहेत, आणि संध्याकाळी फोनवर त्यांच्या आया पहिला प्रश्न विचारतात तो 'जेवलास का?' हा नव्हे, तर 'पोचलास का?' हा.

लोकलची गर्दी म्हटलं की आपल्याला उपाय सुचतो तो डबे वाढवण्याचा. रेल्वेनेही तो केला. ९ डब्यांच्या गाड्या १२ डब्यांच्या झाल्या, काही १५ डब्यांच्या. ऐन गर्दीच्या वेळी १२ डब्यांच्या गाडीत साडेचार-पाच हजार माणसं असतात. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी, असा हिशेब रेल्वेच्याच कागदांत सापडतो आणि त्याला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं भारदस्त नावही आहे. आपल्या घरातली खाट साधारण दीड चौरस मीटरची. तिच्यावर वीस-बावीस माणसं उभी करून पाहा, म्हणजे त्या नावाचा अर्थ कळेल.

पण गाडीत शिरलेला माणूस कुठंतरी उतरणारही असतो, आणि खरी अडचण तिथून सुरू होते. एक मीटर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला साधारण ५० ते ६० माणसं चढू शकतात. धरून चालू की जिना चार मीटर रुंद आहे आणि गाडीतून १५०० माणसं उतरली. ती वर जायला सहा-सात मिनिटं हवीत. पुढची गाडी तर तीन-चार मिनिटांत येते! म्हणजे पहिली गर्दी फलाटावर असतानाच दुसरी उतरते. शिवाय त्याच जिन्यावरून गाडी पकडणारे खाली येत असतात. तेव्हा स्टेशनची क्षमता ठरते ती गाडीवरून नव्हे, सगळ्यांत अरुंद जागेवरून.

आमच्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला लोक तळोद्यावरून जातात. पायथ्याशी कितीही गाड्या येवोत, वर जायला डोंगरातली पायवाटच असते. चढणारा नि उतरणारा समोरासमोर आले की एकाला थांबावंच लागतं. फरक इतकाच, की डोंगरात थांबायला जागा असते. पुलावर ती नसते.

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर नेमकं तेच झालं. परळ-लोअर परळच्या गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, हजारो माणसं तिथं येऊ लागली. एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन मार्गांवरच्या स्टेशनांना जोडणारा पूल मात्र अरुंदच राहिला. त्या दिवशी पाऊस होता. आडोशाला लोक पुलावर थांबले, मागून गाड्या माणसं उतरवत राहिल्या. २३ जणांचा जीव गेला. चौरस मीटरला पाच-सहा माणसांच्या पुढं गर्दी गेली, की माणूस आपल्या पायांनी चालत नाही, पुराच्या पाण्यासारखा ढकलला जातो. अशा ठिकाणी बहुतेक जण तुडवले जाऊन नव्हे, छाती दाबली जाऊन गुदमरतात. नवा पूल मंजूर झालेला होता, बांधला गेला नव्हता. मग लष्कराने बांधलेला पूल २७ फेब्रुवारी २०१८ ला खुला झाला. पुढं स्टेशनचं नावही प्रभादेवी झालं.

माझा भाचा आता लोकलमध्ये मुरला आहे. तो म्हणतो, "मामू, आपल्या स्टेशनात जिना कुठं येतो ते बघून डबा धरायचा." सगळेच असं करतात. म्हणून जिन्यासमोरचे डबे फुटायला येतात आणि टोकाचे त्या मानाने मोकळे असतात. जिने फलाटभर विखुरले तर न सांगता गर्दी विखुरते. सूचनांच्या भोंग्याने ती विखुरत नाही.

जुनं स्टेशन दुरुस्त करणं किती अवघड, ते ठाण्याला दिसलं. पाच-सहा क्रमांकाचा फलाट अवघा दोन-तीन मीटर रुंद करण्यासाठी २०२४ च्या मे अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला, शेकडो गाड्या रद्द झाल्या. इथं तर काम जमिनीवरचं होतं. मुंबईची कुलाबा ते आरे मेट्रो जमिनीखालून जाते, तिचे फलाट आठ डब्यांच्या गाडीसाठी आहेत आणि कडेला काचेची दारं आहेत. गाडी येऊन थांबल्यावरच ती उघडतात, म्हणून रेटारेटीत कुणी रुळांवर पडत नाही. पण हे फलाट उद्या रुंद करायचे म्हटले तर वरच्या इमारतींचा पाया आडवा येईल. नागपूर-पुण्याच्या मेट्रोत आज तीन डब्यांच्या गाड्या धावतात. डबे उद्या जोडता येतील. जिन्यांची रुंदी मात्र नकाशा काढणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेली असते, आणि त्या वेळी त्या जिन्यावरून चढणारी पोरं कदाचित आमच्या तळोद्यात अजून शाळेत जात असतात.